ब्युरेटचं पोट कुठे गेलं?

प्रश्न दोन आहेत. बुन्सेन बर्नर आणि पेट्री डिश ही नावं माणसांवरून पडली, तसं ब्युरेट (द्रव थेंबथेंब मापून सोडायची, खुणा आखलेली काचेची नळी) हेही कुणा शास्त्रज्ञाचं नाव आहे का? आणि प्रथिनं ओळखायला जी ‘ब्युरेट टेस्ट’ करतात, तिचा या नळीशी काय संबंध?

पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचं ‘काहीही नाही’. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण आयुष्याची बरीच वर्षं औषध कारखान्यांच्या तपासणी विभागात ब्युरेटसमोर उभं राहून घालवल्यामुळे या नळीबद्दल थोडक्यात बोलणं मला जमत नाही. शिवाय पहिल्या ‘नाही’मध्ये एक मेख आहे. या उपकरणाच्या पूर्वजाला खरोखरच एका शास्त्रज्ञाचं नाव दिलं होतं, आणि ते टिकलं नाही.

आधी एक सापळा बाजूला करतो. प्येर-जाँ ब्युरेत नावाचा एक फ्रेंच वैद्य होऊन गेला, १६६५ ते १७४७ हा त्याचा काळ. प्राचीन ग्रीक संगीताचा त्याचा मोठा अभ्यास होता. शोध घेताना हे नाव समोर येतं आणि वाटतं, सापडला! पण या गृहस्थांचा आपल्या नळीशी संबंध नाही. आडनाव आणि उपकरण यांचं लेखन सारखं आहे, इतकंच.

शब्द साधा, घरगुती आहे. फ्रेंचमध्ये ‘ब्युइर’ म्हणजे पाणी किंवा दारू ओतायचं तोटीचं भांडं. त्याला ‘-एत’ हा लघुत्वाचा प्रत्यय लागला की झालं ‘ब्युरेत’. आपल्याकडे बुधला आणि बुधली, तसं. ‘ब्युइर’च्या मागे ‘ब्युई’ हे आणखी जुनं रूप आहे आणि त्याच्याही मागे जर्मानिक कुळातला एक शब्द, ज्याचा अर्थ पोट. जुन्या इंग्रजीत ‘बूक’ या शब्दाला घडा आणि पोट असे दोन्ही अर्थ होते. आजच्या जर्मनमध्ये पोटाला ‘बाउख’ म्हणतात, तोही याच गोतावळ्यातला. म्हणजे शब्दाच्या मुळापर्यंत खोदत गेलं तर ब्युरेट म्हणजे ‘लहानसं पोटाळ भांडं’.

आणि प्रयोगशाळेतली सर्वांत सडपातळ वस्तू कोणती, तर ब्युरेट.

ही गंमत कशी झाली ते सांगण्याआधी हा शब्द रसायनशास्त्रात येण्यापूर्वी फ्रान्समध्ये कुठे कुठे वावरत होता ते पाहू. जेवणाच्या टेबलावर तेल आणि व्हिनेगरच्या छोट्या सुरया असत, त्या ब्युरेत. चर्चमध्ये मिस्साच्या वेळी वेदीवर द्राक्षारस आणि पाणी ठेवायच्या दोन लहान सुरया असतात, त्याही ब्युरेत. वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकांना ही जोडी रविवारी डोळ्यांसमोर दिसत असेल, नाव मात्र तिथे वेगळं. फ्रान्समधल्या यंत्रशाळेत आजही लांब चोचीच्या तेलाच्या डब्याला ब्युरेतच म्हणतात. या सगळ्यांत समान गोष्ट एक: थोडंथोडं, हाताच्या ताब्यात ठेवून ओतणं. नावाचा गाभा तो आहे. नळी हा नंतरचा भाग.

आता मुख्य कथा, आणि ती विद्यापीठात घडत नाही. ती कापडाच्या धुलाईखान्यात घडते.

अठराव्या शतकात युरोपात कोरं कापड पांढरं करणं हा महिनोन्‌महिने चालणारा उद्योग होता. राखेच्या क्षारात उकळायचं, हिरवळीवर उन्हात पसरायचं, आंबट ताकात भिजवायचं, पुन्हा क्षार, पुन्हा ऊन. १७८५ च्या सुमारास बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीनने रंग उडतो हे दाखवलं आणि महिन्यांचं काम दिवसांवर आलं. पण नवी डोकेदुखी सुरू झाली. क्लोरीनचं पाणी फिकं असेल तर कापड पिवळट राहतं. जहाल असेल तर धागाच कुजतो. हंड्यातल्या द्रावणात ‘जोर’ किती हे कामगाराला कसं कळणार? वासावरून? क्लोरीनचा अंदाज नाकाने घेणाऱ्याचं नाक आणि फुप्फुसं फार काळ धड राहत नाहीत.

रुआँ हे फ्रान्समधलं कापडाचं मोठं शहर. तिथला देक्रॉइझी हा औषधविक्या आणि रसायनज्ञ या प्रश्नाच्या मागे लागला. १७९५ मध्ये त्याने आपलं मोजण्याचं उपकरण प्रसिद्ध केलं: खुणा आखलेली काचेची नळी. तिच्यात क्लोरीनच्या पाण्याचं ठरावीक माप घ्यायचं आणि निळीचं द्रावण घालत जायचं. क्लोरीन निळीचा रंग खात जातो. जितकी नीळ रंग उडून नाहीशी होईल, तितका पाण्यात जोर. या उपकरणाला त्याने नाव दिलं बर्थोलिमेत्र, म्हणजे बर्थोलेमापक.

हेच ते शास्त्रज्ञाचं नाव. आज ते इतिहासाच्या तळटीपांपलीकडे कुठे सापडत नाही. माझ्या मते कारण सरळ आहे. ‘मेत्र’ शेवटी लावलेलं नाव उपकरणाला एकाच कामाला बांधून ठेवतं. क्षार मोजायची वेळ आली तेव्हा देक्रॉइझीलाच १८०६ मध्ये ‘अल्कलीमेत्र’ हे दुसरं नाव काढावं लागलं, जरी तत्त्व तेच होतं. उद्या आम्ल मोजायचं, परवा चांदी, तर प्रत्येक वेळी नवं बारसं! ओतण्याच्या भांड्याला ओतण्याचं भांडंच म्हणावं, त्यात काय ओतायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, हे शहाणपण कुणालातरी सुचायला हवं होतं.

ते गे-ल्युसाकला सुचलं. वायूंच्या नियमांमुळे अकरावीच्या विद्यार्थ्यांना हे नाव पाठ असतं, पण विश्लेषणात त्याचं काम किती मोठं आहे हे क्वचितच कुणी सांगतं. १८२४ मध्ये त्याने ब्लीचिंग पावडरचा जोर निळीच्या द्रावणाने कसा मोजायचा यावर निबंध लिहिला. त्यात या कामाच्या दोन उपकरणांना त्याने ‘ब्युरेत’ आणि ‘पिपेत’ (द्रवाचं ठरावीक माप ओढून घ्यायची नळी) ही नावं वापरली. शब्द त्याने घडवले नाहीत, बाजारातलेच उचलले. आणि त्याची ब्युरेट पाहिली की नाव चपखल वाटतं. खुणांची उभी नळी, तिच्या तळापासून निघून तिला समांतर वर गेलेली दुसरी बारीक नळी, आणि त्या बारीक नळीचं वरचं टोक बाहेर वाकवलेलं. खाली तोटी नाही, कळ नाही. हातात धरायची, तिरकी करायची आणि वरच्या चोचीतून थेंबथेंब ओतायचं. म्हणजे सरळ झारीच. ब्युरेटच्या टोकात ग्रीसचा कण अडकून धार बंद होते तेव्हा आमच्याकडे ‘झारीतले शुक्राचार्य बसले’ असं म्हणायची पद्धत होती. गे-ल्युसाकच्या उपकरणाला ही म्हण अक्षरशः लागू पडली असती.

या सगळ्यात निळीचा उल्लेख दोनदा आला, तर तिच्यावर जरा थांबतो, कारण ही आपल्याकडची वस्तू. युरोपीय भाषांतला ‘इंडिगो’ म्हणजे ‘भारतातलं’, ग्रीक-लॅटिनमधून आलेला शब्द. पण आपला ‘नील’ही वेगळ्या वाटेने तिकडे पोचला. फारसीतून अरबीत जाताना त्याला अरबीचं उपपद चिकटलं, ‘अन्‌-नील’ झालं, त्याचं पोर्तुगीज-स्पॅनिशमध्ये ‘अनिल’. १८४० च्या सुमारास फ्रिट्शे या रसायनज्ञाने नीळ कॉस्टिक पोटॅशबरोबर तापवून एक तेलकट द्रव मिळवला आणि त्या ‘अनिल’वरून त्याला ॲनिलीन म्हटलं. म्हणजे बारावीच्या पुस्तकातल्या ॲनिलीनच्या पोटात संस्कृत नील बसलेला आहे. व्युत्पत्तीची आवड असलेल्याने नामकरणाच्या तक्त्यांकडे या नजरेने पाहावं. आमच्या वेळी ते तक्ते केवळ घोकून घेतले जात.

पुन्हा ब्युरेटकडे. तिचं पोट गेलं कधी आणि का?

का, हे आधी. समजा ८ सेंटिमीटर रुंद तळाच्या भांड्यातून तुम्ही १ मिलिलिटर द्रव ओतला. पातळी किती उतरेल? सुमारे ०.२ मिलिमीटर. हे डोळ्याला दिसतसुद्धा नाही. आता ५० मिलिलिटरच्या नेहमीच्या ब्युरेटचा आतला व्यास साधारण ११ मिलिमीटर धरा. तेवढाच १ मिलिलिटर ओतला की पातळी १ सेंटिमीटरहून किंचित जास्त उतरते. त्या एका सेंटिमीटरचे दहा भाग आखता येतात आणि दोन रेघांच्या मधलाही अंदाज सरावलेली नजर घेते. अचूकपणा हवा तर भांडं बारीक होणार, आणि बारीक झालं की ५० मिलिलिटर मावण्यासाठी लांब होणार. पोट ठेवण्याची सोयच नाही. ‘अ’ वर्गाच्या ५० मिलिलिटर ब्युरेटला जेमतेम ०.०५ मिलिलिटर इकडेतिकडे चालतं, ते पोटाच्या भांड्यात कसं साधायचं?

आणि गंमत पाहा, पिपेटचं बरोबर उलटं झालं. ‘पिपेत’ म्हणजे लहानशी ‘पीप’, अर्थात नळी. लॅटिनमध्ये ‘पिपारे’ म्हणजे चिवचिवणं. त्यावरून फुंकून वाजवायचं वाद्य आणि वाद्यावरून कुठलीही पोकळ नळी असा अर्थाचा प्रवास. (आपली पिपाणी आठवते ना? तीही आवाजावरूनच पडलेली दिसते. पण दोन पाखरं सारखी ओरडली म्हणून त्यांना सख्खी बहीण मानू नये.) नावाप्रमाणे पिपेट ही नुसती नळी असायला हवी. पण २५ मिलिलिटरची पिपेट हातात घेऊन पाहा: मधोमध चांगलं गरगरीत पोट! कारण तिच्यावर खूण एकच असते. त्या खुणेपाशी मान बारीक असली की काम भागलं, बाकीचा द्रव पोटात साठवला तरी अचूकपणाला धक्का लागत नाही. ब्युरेट मात्र कुठल्याही रेघेवर वाचावी लागते, म्हणून ती वरपासून खालपर्यंत एकसारखी. अशा रीतीने जिच्या नावात पोट आहे ती झाली नळी, आणि जिच्या नावात नळी आहे तिला सुटलं पोट. नावं देताना गे-ल्युसाकचं काही चुकलं नव्हतं; त्याच्या टेबलावर त्या वस्तू ज्या रूपात होत्या त्यांना ती शोभत होती.

पिपेटमध्ये तोंडाचा संबंध मात्र फार काळ टिकला. आमच्या पिढीने सर्रास तोंडाने ओढून पिपेट भरली, आम्ल असो की सांडपाणी. आता रबरी फुगा किंवा पंप लावतात आणि तोंडाने ओढायला बंदी आहे, ती असायलाच हवी. एवढं सांगून पिपेटला रजा देतो.

झारीची नळी झाली ती कधी? गे-ल्युसाकची ब्युरेट ठिसूळ होती, आणि एका हाताने ती तिरकी करत दुसऱ्या हाताने फ्लास्क फिरवणं ही कसरतच. १८५५ मध्ये जर्मनीतल्या कोब्लेंझचा औषधविक्या फ्रीडरिश मोर याने आकारमानी विश्लेषणावर आपला मोठा ग्रंथ काढला, आणि त्यातून जी ब्युरेट सर्वत्र पसरली ती उभी, स्टँडला अडकवलेली आणि खालून उघडणारी. तळाशी रबराचा तुकडा, त्याला धातूचा चिमटा, पुढे काचेचं टोक. चिमटा दाबला की थेंब, सोडला की बंद. तिरकं करून ओतणं संपलं आणि त्याबरोबर ब्युरेट हे नाव आपल्या अर्थापासून सुटलं. तोपर्यंत ते इतकं रुळलं होतं की जर्मनांनीही ते फ्रेंच नाव तसंच ठेवलं, ‘ब्युरेटं’.

मोर हे नाव बारावीच्या प्रात्यक्षिकात सगळ्यांना भेटतं. मोर्स सॉल्टचं पोटॅशियम परमँगनेटबरोबर टायट्रेशन (एक द्रावण ब्युरेटने मापून घालत दुसऱ्याचं प्रमाण काढणं) असतं, तेच. हे मोर्स सॉल्ट म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट, फिकट हिरवं. त्याचा आपल्या मोराशी संबंध नाही. ज्याचा आहे ते मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट; मोराच्या मानेसारखा रंग म्हणून ते नाव. पहिल्या वर्षाच्या वर्गात कुणीतरी हे दोन्ही एकच समजून बसलेला हमखास निघतो. पण खरी मौज पुढेच आहे. परमँगनेट रबराला खातं, म्हणून ते मोरच्या रबरी ब्युरेटमध्ये भरायचं नसतं, काचेची कळ असलेली ब्युरेट घ्यायची. म्हणजे मोरचं मीठ तपासायला मोरची ब्युरेट चालत नाही! उलट कॉस्टिक सोड्यासारखा क्षार काचेच्या कळीत राहिला तर कळ घट्ट चिकटते, तिथे मोरचा रबरी चिमटाच बरा. टेफ्लॉनच्या कळा आल्या आणि हे सगळं शहाणपण एका पिढीत अडगळीत गेलं. मला त्याचं दुःख नाही. चिकटलेली कळ सोडवताना टोक मोडलेल्या ब्युरेटींचे तुकडे मी पुरेसे झाडले आहेत.

ब्युरेट जिथे वापरतात त्या क्रियेचं नावही याच घराण्यातलं, म्हणून तेही घेतो. टायट्रेशन हे फ्रेंच ‘तित्र’ या शब्दावरून आलं. मूळ लॅटिन ‘तितुलुस’ म्हणजे वर लिहिलेली पाटी, लेख. इंग्रजी ‘टायटल’ तिथूनच. पण फ्रेंच सराफांच्या आणि टांकसाळीच्या भाषेत ‘तित्र’ म्हणजे सोन्याचांदीतला शुद्ध धातूचा भाग. मराठीत नेमका शब्द आहे: कस. गे-ल्युसाक १८२९ मध्ये पॅरिसच्या टांकसाळीचा मुख्य परीक्षक झाला आणि १८३२ मध्ये त्याने चांदीचा कस मिठाच्या द्रावणाने काढायची ओली पद्धत प्रसिद्ध केली. नाण्याची चांदी आम्लात विरघळवायची, मिठाचं पाणी मापून घालत जायचं, पांढरा साका पडायचा थांबला की थांबायचं. त्याआधी हे काम भट्टीत मुशीवर होत असे आणि त्यात थोडी चांदी हिशेबाबाहेर जाई. मराठेशाहीत सरकारी खजिन्यात आलेली नाणी पारखून घेणारा अधिकारी म्हणजे पोतदार. तेव्हा पोतदार आडनावाचं कुणी केमिस्ट्री घेऊन टायट्रेशन करत असेल तर तो घराण्याचाच व्यवसाय पुढे चालवतोय म्हणायला हरकत नाही.

आपल्या पाठ्यपुस्तकांनी टायट्रेशनला अनुमापन म्हटलं, बीकरला चंचुपात्र, कॉनिकल फ्लास्कला शंकुपात्र. ब्युरेट मात्र ब्युरेटच राहिली. चंचुपात्राबद्दल एक गैरसमज ऐकू येतो की इंग्रजीत ‘बीक’ म्हणजे चोच, म्हणून बीकर. तसं नाही. बीकर हा उत्तर युरोपातल्या ‘बिकर’ या पेल्याच्या नावावरून आलेला शब्द, त्याच्या मागे मध्ययुगीन लॅटिन ‘बिकारियुम’. चोचीशी त्याचं रक्ताचं नातं नाही. तरीही चंचुपात्र हा शब्द मला चुकीचा वाटत नाही, कारण भांड्याला चोच खरोखर आहे आणि नाव ती दाखवतं.

मग माणसांची नावं कोणत्या उपकरणांना पडली? माझा एक ढोबळ ठोकताळा आहे: वस्तू एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली किंवा त्याआधीची असेल तर नाव बहुधा स्वयंपाकघरातलं किंवा दुकानातलं, उत्तरार्धातली असेल तर बहुधा प्राध्यापकाचं. बुन्सेनचा बर्नर १८५५ चा, आणि तो प्रत्यक्ष बनवला हायडेलबर्गच्या डेसागा या कारागिराने. एर्लेनमायरचा शंकुपात्री फ्लास्क १८६० च्या आसपासचा, पेट्रीची बशी १८८७ ची, ब्युखनरचं नरसाळं १८८८ चं. तोवर रसायनशास्त्र धुलाईखान्यातून जर्मन विद्यापीठांत गेलं होतं. ठोकताळ्याला अपवाद आहेत, बर्थोलिमेत्र हा पहिलाच. ब्युखनरबद्दल तर खबरदारी हवी: नरसाळ्याचा एर्न्स्ट ब्युखनर हा कारखान्यातला रसायनज्ञ वेगळा आणि किण्वनावर नोबेल मिळवणारा एडुआर्ड बुखनर वेगळा.

आता दुसरा प्रश्न, प्रथिनांची चाचणी. तिचं खरं नाव बाययुरेट. ‘बाय’ म्हणजे दोन आणि पुढे युरिया. युरिया वितळबिंदूच्या, म्हणजे १३३ अंश सेल्सिअसच्या, बराच वर तापवला की त्याचे दोन रेणू जोडले जातात, अमोनियाचा एक रेणू सुटून जातो आणि उरतं ते बाययुरेट. ते क्षारयुक्त मोरचुदाच्या द्रावणात घातलं की जांभळा रंग येतो. प्रथिनांतही तशाच जोडण्या असल्यामुळे तोच रंग येतो, आणि चाचणीला त्या संयुगाचं नाव मिळालं. अंड्याच्या बलकात किंवा डाळीच्या पाण्यात बाययुरेट मुळीच नसतं. घोटाळा वाढवला तो लेखनाने: अमेरिकेत ब्युरेटचं स्पेलिंग शेवटची दोन अक्षरं गाळून करतात, त्यामुळे दोन्ही इंग्रजी शब्दांत एकाच अक्षराचा फरक उरतो. मराठीत तर दोन्ही ‘ब्युरेट’ असं सरसकट लिहिलं जातं. वहीत आणि बाटलीच्या चिठ्ठीवर ‘बाययुरेट’ असंच लिहा, परीक्षकही खूश होतील.

शेतकरी कुटुंबातल्यांनी हा शब्द युरियाच्या संदर्भात वाचला असेल. खत बनवताना युरिया तापतो आणि थोडं बाययुरेट आपोआप तयार होतं. आपल्याकडच्या खत नियंत्रण आदेशाने त्याला वजनाच्या १.५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. जमिनीत घातलेल्या खतातून सहसा त्रास होत नाही, पण पानांवर फवारणी केली तर संत्रा-मोसंबीसारखी लिंबूवर्गीय झाडं त्याला हळवी असतात, पानांची टोकं पिवळी पडतात. म्हणून फवारणीसाठी कमी बाययुरेटचा युरिया वेगळा विचारून घ्यावा. खताच्या प्रयोगशाळेत हे प्रमाण त्याच जांभळ्या रंगाची तीव्रता मोजून काढतात. त्यासाठी आधी माहीत असलेल्या प्रमाणाची बाययुरेट द्रावणं ओळीने फ्लास्कांत घ्यावी लागतात, कमी-जास्त मापांची. ती मापं ब्युरेटनेच सोयीची पडतात.